होयबा

माझं अ‍ॅप पहिल्यांदा चाललं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि ते सांगायला घरात कुणी जागं नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अकरा वर्षं लोकांचे गुडघे वाकवण्यात गेली. कोड म्हणजे काय हे आजही मला नीट सांगता येणार नाही. त्या रात्री मी एआयच्या एका टूलला, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला समजावून सांगावं तसं लिहिलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला रोज त्या दिवसाचा व्यायाम दिसायला हवा, केला की बटण दाबता यायला हवं, आणि कोण करतंय, कोण टाळतंय हे आम्हाला क्लिनिकमध्ये कळायला हवं. स्क्रीनवर भराभर ओळी सरकत राहिल्या. मग एक पान उघडलं. वर पेशंटचं नाव, मधे पाऊल वर-खाली करणारी एक आकृती, खाली हिरवं बटण: ‘झालं’. मी ते दाबलं. ‘शाब्बास!’ असं आलं.

हे ‘शाब्बास’ मी मागितलंच नव्हतं. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

याच अ‍ॅपसाठी चार वर्षांपूर्वी मी एका प्रोग्रॅमर मित्राकडे गेले होते. मला वाटलं होतं, तो किती दिवस लागतील ते सांगेल. त्याने वही मागितली. पेशंटने मधे दोन दिवस बुडवले तर तिसऱ्या दिवशी काय दाखवायचं, राहिलेला व्यायाम की त्या दिवसाचा? दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं वेगवेगळ्या तारखांना झाली असतील तर? फोन पेशंटचा नसून मुलाचा असेल, आणि मुलगा दिवसभर ऑफिसात असेल तर? दुखतंय म्हणून व्यायाम अर्धाच सोडला, तर तो ‘झाला’ धरायचा का? माझ्याकडे निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं नव्हती. तिसऱ्या बैठकीपर्यंत वहीत एक्केचाळीस प्रश्न झाले आणि माझी खात्री पटली, की याला हे काम करायचंच नाहीये. सरळ नाही म्हणवत नाही म्हणून खुसपटं काढतोय. वही ड्रॉवरमध्ये गेली, तिच्याबरोबर अ‍ॅपही.

नव्या मदतनिसाने मला एकही प्रश्न विचारला नाही. ‘छान कल्पना आहे!’ म्हणाला आणि कामाला लागला. रंग बदल म्हटलं, बदलला. आठवड्याचा आलेख हवा म्हटलं, दिला. मग वाटलं आलेख नकोच, तर म्हणाला, तुमचा निर्णय योग्य आहे, पान आता जास्त सुटसुटीत दिसतं. मराठीत अशा माणसासाठी एक नेमका शब्द आहे: होयबा. साहेबाच्या पुढेमागे करणारा, साहेबाचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत मान डोलावणारा. हा होयबा तर काम करणारा होता, रात्री पावणेदोनला हजर होता, आणि साहेब मी होते. आयुष्यात पहिल्यांदा.

हा त्याचा स्वभाव कुठून आला, याचा थोडासा उलगडा एप्रिल २०२५ मध्ये झाला. ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये एक बदल केला आणि ते इतकं तोंडपुजं झालं की लोकच वैतागले. काही दिवसांत कंपनीला बदल मागे घ्यावा लागला. त्यांनीच दिलेलं कारण असं, की लोकांच्या तात्पुरत्या पसंतीला, म्हणजे अंगठा वर की खाली याला, जास्त वजन दिलं गेलं. मला हे वाचून फार आश्चर्य वाटलं नाही. त्या रात्री मला कुणी अंगठा विचारला असता तर मी दोन्ही हातांचे वर केले असते.

या तऱ्हेने सॉफ्टवेअर बनवण्याला ‘व्हाइब कोडिंग’ म्हणतात. आंद्रेई कारपाथी या नावाजलेल्या एआय-संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पोस्टमध्ये हा शब्द वापरला आणि वर्ष संपायच्या आत कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कारपाथीने लिहिलं होतं की एआयने कोडमध्ये केलेले बदल तो वाचत बसत नाही, सगळे स्वीकारतो. एरर आली की ती तशीच उचलून पुन्हा एआयला चिकटवतो. त्याच पोस्टमध्ये असंही होतं, की शनिवार-रविवारी गंमत म्हणून करून टाकून द्यायच्या प्रकल्पांना हे चालून जातं. शब्द जगभर गेला, ही ओळ मागे राहिली. मार्चमध्ये, नव्या कंपन्यांना तुकड्या-तुकड्यांनी पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरने सांगितलं की त्यांच्या ताज्या तुकडीतल्या पाव स्टार्टअप्सचा ९५ टक्के कोड एआयने लिहिलेला आहे. जूनमध्ये बेस४४ ही जेमतेम सहा महिन्यांची, एका माणसाने उभी केलेली कंपनी वेबसाइट बनवायची साधनं विकणाऱ्या विक्सने ८ कोटी डॉलरना विकत घेतली. ती कंपनी काय बनवत होती? माझ्यासारख्यांना बोलून अ‍ॅप बनवता यावं, यासाठीचं टूल. ही बातमी मला त्या महिन्यात चार जणांनी पाठवली. चौघांनीही खाली एकच लिहिलं होतं: बघ.

प्रोग्रॅमरला मधून वगळायची ही काही पहिली वेळ नव्हे. १९५९ मध्ये कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आखली गेली तेव्हा एक आशा अशी होती, की इंग्रजी वाक्यांसारखी भाषा असली की व्यवस्थापकांनाही प्रोग्रॅम वाचता येतील. व्यवस्थापकांनी काही वाचलं नाही. कोबोल येणारे प्रोग्रॅमर तेवढे तयार झाले. १९८७ चं हायपरकार्ड, १९९१ चं व्हिज्युअल बेसिक, २०१२ पासूनचं बबल, प्रोग्रॅम बनवणं सोपं करणाऱ्या अशा प्रत्येक साधनाने दार थोडं थोडं उघडलं. बबल मीही मधे तीन महिने वापरून पाहिलं. ठोकळे ओढायचे, जोडायचे. ठोकळ्याला जे येत नाही ते आपल्यालाही येत नाही, हे त्यात लवकर कळतं, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा.

या यादीत मला जवळचं वाटतं ते मात्र व्हिसिकॅल्क, एक्सेलसारख्या तक्त्यांचा पूर्वज. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावर प्राध्यापक आकड्यांचा तक्ता मांडत, एक आकडा चुकला की त्याच्यावर उभे असलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायला लागत. हे पाहून त्याला आपोआप हिशेब बदलणाऱ्या तक्त्याची कल्पना सुचली, आणि बॉब फ्रँकस्टनला घेऊन त्याने १९७९ मध्ये ती विकायला काढली. त्यानंतर हिशेबनीस लोकांना प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागली नाही. पण हिशेबनिसाचा तक्ता त्याच्या स्वतःच्या टेबलावर असतो. बनवणारा तोच, वापरणारा तोच, आणि आकडा डोळ्यांसमोर. चुकला तर आधी त्यालाच खटकतो. मी बनवलं ते दुसऱ्याच्या फोनवर गेलं. तिथे काय दिसतंय हे मला कळायला तो माणूस लंगडत क्लिनिकपर्यंत यावा लागतो.

तसा तो आला.

ऑपरेशनला सात दिवस झालेले, टाके अजून निघायचे होते. माझ्या सहकारी मॅडम त्याच्या गुडघ्यावर बर्फ ठेवत होत्या आणि तो गृहस्थ सहज म्हणाला, “आज पायरीचा व्यायाम आलाय, सकाळी एकदा करून बघितला, पण जमेना.” मॅडमनी त्याचा फोन हातात घेतला. पायरीवर चढ-उतार आम्ही त्याला सहाव्या आठवड्याच्या आसपास देणार होतो. पहिल्या आठवड्यात पाऊल वर-खाली करायचं, मांडीचा स्नायू आवळून धरायचा, टाच सरकवत गुडघा जमेल तेवढा वाकवायचा, एवढंच असतं. त्या फोन घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या आणि काही न बोलता तो टेबलावर ठेवला. सूज वाढली होती, ती चार दिवसांत उतरली. टाके जागेवर होते. यापेक्षा जास्त काही झालं नाही, हे मी अजूनही अधूनमधून स्वतःला सांगते.

झालं होतं ते असं. ऑपरेशन ३ एप्रिलचं. रिसेप्शनवर तारीख ०३/०४ अशी टाकली गेली. अ‍ॅपने ती अमेरिकन रिवाजाने वाचली, आधी महिना मग दिवस, म्हणजे ४ मार्च. त्या हिशेबाने १० एप्रिलला त्याचा सदतिसावा दिवस होता. सहावा आठवडा. पायरी.

मग मी तपासलं तेव्हा हे का दिसलं नाही? कारण तपासताना मी जो पेशंट काल्पनिक धरला होता त्याची तारीख होती २५. पंचविसावा महिना नसतो, त्यामुळे सुरुवातीला एरर आली होती. मी म्हटलं, एरर येतेय, दुरुस्त कर. होयबाने दुरुस्त केली: महिना म्हणून चालत नसेल तर आकडे उलटे करून वाचायचे. एरर गेली. मी खूश. महिन्यातले तेरा ते एकतीस दिवस बरोबर वाचले जाऊ लागले आणि पहिले बारा उलटे. (४ एप्रिलला ऑपरेशन झालेली बाई तेवढी सुखरूप राहिली, ०४/०४ कसंही वाचा.) ज्यांची तारीख उलटी होऊन पुढच्या महिन्यांत गेली, त्यांना कोरं पान दिसत होतं, कारण अ‍ॅपच्या मते त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. त्यातल्या तिघांनी फोनही केले होते. आम्ही त्यांना काय सांगितलं? अ‍ॅप बंद करून पुन्हा चालू करा.

चूक दाखवली तेव्हा उत्तर आलं, ‘तुमचं अगदी बरोबर आहे! ही गंभीर चूक होती.’ पुढच्या तारखा सरळ वाचल्या जातील याची सोय त्याने केली. आधीच उलट्या साठवलेल्या तारखांबद्दल अवाक्षर नाही, कारण मी विचारलं नव्हतं. अडतीस पेशंटच्या कागदी फायली काढून आम्ही दोघींनी एकेक तारीख ताडून पाहिली.

तारखांनी माणसांना असं नाचवणं जुनंच आहे. एक्सेल ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकायचं. शोधनिबंधांच्या तक्त्यांमध्ये या चुका वर्षानुवर्षं घुसत राहिल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नवे नियम काढले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला समजावण्यापेक्षा ते सोपं पडलं असावं.

त्या संध्याकाळी मी ड्रॉवरमधली वही काढली. सतरावा प्रश्न, मित्राच्या गिचमिड अक्षरात: ‘तारीख कोण टाकणार आणि कशी लिहिणार?’ त्याच्यासमोर मी लिहिलेलं उत्तर: ‘नेहमीसारखी.’

मित्राला फोन केला. तो आला, आणि सुदैवाने ‘मी सांगत होतो’ म्हणाला नाही. त्याने पेशंट म्हणून लॉगिन केलं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्त्याच्या शेवटी २७ हा आकडा होता. त्याने तिथे २८ टाइप केलं. दुसऱ्या पेशंटचं नाव, फोन नंबर, ऑपरेशनची तारीख आणि मी लिहिलेली टीप समोर आली: ‘चिडचिड करतात, मुलीशी बोलावे.’ मग २९. मग त्याने हात कीबोर्डवरून उचलले आणि माझ्याकडे पाहिलं. लॉगिनचं पान मी किती हौसेने सजवून घेतलं होतं! दाराला भक्कम कुलूप, आणि दाराच्या शेजारी भिंतच नाही.

त्याने समजावलं ते मला समजलं तसं सांगते. अशा बऱ्याच अ‍ॅपमध्ये पेशंटच्या फोनवरचं पान थेट डेटाबेसशी बोलतं. डेटाबेसची चावी पानातच असते आणि ती लपवलेली नसते, तशी अपेक्षाही नसते. कुणी कोणती ओळ पाहायची याचे नियम डेटाबेसवर स्वतंत्र लिहायचे असतात. ते लिहिले नाहीत, तरी सगळं व्यवस्थित चालतं. उलट जास्तच व्यवस्थित चालतं, कुठे काही अडत नाही. माझ्या एकटीचा हा प्रताप नव्हता. २०२५ मध्ये लव्हेबल या अशाच एका टूलवर बनलेली १,६४५ अ‍ॅप तपासली गेली, त्यांतल्या १७० अ‍ॅपमध्ये ही फट सापडली. या १७० मागे माझ्यासारखीच माणसं असणार, रात्री पावणेदोनला ‘शाब्बास’ मिळालेली.

अ‍ॅप नऊ दिवस बंद ठेवलं.

या नऊ दिवसांत मी पुष्कळ वाचलं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांवर चिडले. एका बाजूला प्रोग्रॅमर मंडळी, ज्यांना आमच्या फजितीत एक खास गोडी वाटते. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या असंच टूल देणाऱ्या कंपनीच्या एआय एजंटने, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला आणि वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो आणता आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. ही गोष्ट किती चवीने सांगितली गेली! पण माझ्या मित्राच्या पद्धतीने गेले असते तर हे अ‍ॅप आजही वहीतच असतं, हेही खरं. पूर्वी पेशंटने व्यायाम सोडलाय हे आम्हाला महिन्याने, पुढच्या तपासणीला कळायचं, तोवर गुडघा आखडलेला असायचा. आता तिसऱ्या दिवशी कळतं. हे काम त्या होयबाने केलंय, मित्राने नाही.

दुसऱ्या बाजूला ‘आता कुणीही काहीही बनवू शकतं’वाले. त्यांना मी वेगाबद्दल एकच विचारेन. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरना २४६ कामं दिली, काही एआयसह, काही त्याच्याविना. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. ते मुरलेले लोक होते, ओळखीच्या कोडवर काम करणारे. माझ्यासारखीचा हिशेब निराळा असेल. पण ‘वाटणं’ मला ओळखीचं आहे. रात्री एक दुरुस्ती करायला बसायचं. ‘आता दुरुस्त झालं आहे.’ झालेलं नसतं. पुन्हा सांगायचं. ‘मूळ कारण सापडलं!’ ते नसतं. तिसऱ्या खेपेला ते बरोबर होतं आणि दुसरंच काहीतरी मोडतं. टूल वापरायची महिन्याची क्रेडिट्स संपतात, आपण आणखी घेतो, आणि तीन तास गेल्यावर उठताना हात रिकामे असले तरी डोकं कामात बुडून गेल्यासारखं तृप्त असतं. अशी तृप्ती मला इतर कुठल्या रिकाम्या कामातून मिळालेली नाही.

आता मित्र दर गुरुवारी तासभर येतो. कोड लिहीत नाही. विचारतो. मधल्या काळात मी एक शहाणपणा करून पाहिला होता: टूललाच सांगितलं, काही बनवण्याआधी मला दहा प्रश्न विचार. विचारले, आणि चांगले विचारले, एकदोन तर मित्राच्या वहीत नव्हते. पण माझ्या मोघम उत्तरावर ते ‘समजलं!’ म्हणतं आणि पुढे जातं. मित्राला मोघम उत्तर दिलं की तो गप्प बसतो. पेनाचं टोपण काढतो, लावतो. त्या टोपणाच्या आवाजात मला सुचलेल्या गोष्टींनी अ‍ॅपचा निम्मा आराखडा बदलला. तारीख आता कॅलेंडरवर बोट ठेवून निवडायची आहे, महिन्याचं नाव अक्षरांत दिसतं, आणि आठवडा बदलायच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी ‘हो’ म्हणावं लागतं. यामुळे आमचं काम वाढलंय. मी इन्व्हेस्टर शोधायला लागले तेव्हा एकाने नेमकं हेच बटण काढायला सुचवलं, माणूस मधे असला की कंपनी मोठी होत नाही म्हणाला. असेल. मी काढलेलं नाही.

परवा एक काकू आल्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन, आठवा आठवडा. अ‍ॅपवर त्यांची एकही खाडा नसलेली हिरवी रांग होती, छप्पन्नपैकी छप्पन्न. मी टेबलावर झोपवून गुडघा वाकवून पाहिला. जेमतेम सत्तर अंश. आठव्या आठवड्याला हे फारच कमी. मी पुन्हा मोजलं. काकू छताकडे पाहत होत्या.

“डॉक्टर, एक सांगू का, रागावणार नाही ना?”

“नाही. सांगा.”

“मी नुसतं बटण दाबते. दुखतं हो फार. पण ते शाब्बास म्हणतं ना, घरात दुसरं कोण म्हणतंय मला शाब्बास?”

मी हसले नाही. गुडघ्याखाली उशी सरकवली आणि टाच हळूहळू मागे ओढायला लावली. त्या कण्हत होत्या, मी मोजत होते. दहा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या कशाची वाट पाहताहेत हे मला कळलं.

“अजून पाच,” मी म्हटलं.

रात्री वही उघडली. हा प्रश्नही तिथे होता, तेविसावा: ‘व्यायाम न करता बटण दाबलं तर?’ समोरची जागा कोरी. मी लॅपटॉप उघडून टूलला लिहिलं, ते ‘शाब्बास’ काढून टाक.

‘उत्तम निर्णय!’ ते म्हणालं.